जे मला सांगाल, ते त्यांनाही

ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरातल्या नव्या वसाहतीत विभावरीच्या शेजारच्या प्लॉटवर अजून घर उभं राहत होतं. सकाळ झाली की खिळे ठोकायचं यंत्र सुरू व्हायचं आणि दुपारपर्यंत थांबायचं नाही. म्हणून तिनं आपलं ऑफिस बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटात हलवलं. कपाट म्हणजे एक लहानशी खोलीच होती; आत शिरून दार लावून घेता यायचं. एका बाजूला तिच्या साड्या, दुसऱ्या बाजूला नवऱ्याचे शर्ट आणि जाकिटं, मध्ये स्टूल आणि बुटांच्या रॅकवर फोन. लटकलेले कपडे आवाज शोषून घेत. आतलं बाहेर जात नसे आणि बाहेरचं आत येत नसे, आणि तिच्या कामाला नेमकं तेच हवं होतं.

विभावरी टेलिफोनवरची दुभाषी होती. हॉस्पिटलात, शाळेत, पोलीस चौकीत, कुठेही मराठी माणसाशी बोलताना अडलं की एजन्सी तिला फोन जोडून देई. पुण्यात तिनं बँकेत नोकरी केली होती. हे काम ती इथे येऊन शिकली. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं, बोललेलं काही गाळायचं नाही, न बोललेलं काही घालायचं नाही, आणि फोन ठेवला की सगळं विसरून जायचं.

"आज कपाटातून कोणाचं भलं केलंस?" तिचा नवरा रमण संध्याकाळी विचारायचा.

"सांगता येत नाही."

"म्हणजे पोलीस."

"तेही सांगता येत नाही."

"साधं हो की नाही तरी सांग. माझ्या जाकिटांना सगळं माहीत, मला नाही."

दोन हजार सोळाचा फेब्रुवारी होता. तिनं कपडे वाळत घालून नुकतंच आत पाऊल टाकलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे ऑकलंड विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकारी होत्या. त्यांनी आपलं माओरी नाव 'हिने' असं सांगितलं. समोर नागपूरहून आलेल्या प्रवासी आहेत, नाव बेबीताई गजभिये, वय एकसष्ट, सोबत कुणी नाही, इंग्रजी येत नाही. व्हिसा आहे. पण व्हिसा असला तरी देशात शिरायची परवानगी विमानतळावर मिळते, आणि त्याआधी काही प्रश्न विचारायचे आहेत.

विभावरीनं ठरलेलं निवेदन केलं. "नमस्कार ताई. मी दुभाषी आहे. तुम्ही जे बोलाल ते मी इंग्रजीत सांगेन, अधिकारी बोलतील ते मराठीत. जे मला सांगाल, ते त्यांनाही सांगितलं जाईल. माझं स्वतःचं मी काही बोलणार नाही."

"अगं बाई, मराठी!" पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला. "जयभीम, पोरी. कुठली गं तू?"

विभावरीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. जयभीम तसंच ठेवलं आणि एवढंच म्हणाली की हे अभिवादन आहे, आणि शेवटचा प्रश्न दुभाषीला आहे.

"तुम्हाला उत्तर देता येतं?" हिनेनं विचारलं.

"नाही."

"मग माझ्याकडून त्यांना किया ओरा सांगा."

"किया ओरा," विभावरी म्हणाली.

"हे काय आणखी?"

"इथला जयभीम," हिनेचं उत्तर आलं, आणि विभावरीनं तेही पोचवलं.

हिनेनं आधी विचारलं, पाणी हवं का, बाथरूमला जायचंय का, बरं वाटतंय ना. बेबीताई म्हणाल्या, चहा मिळाला, दूध कमी होतं, पण चालतंय. मग प्रश्न सुरू झाले.

"न्यूझीलंडला कशासाठी आलात?"

"फिरायला."

"काय बघणार?"

"जे असेल ते."

"एखाद्या ठिकाणाचं नाव?"

"पोरगा दाखवेल ना. त्याले माहीत."

"नागपुरात काय करता?"

इथे आवाजात उत्साह आला. "मेस चालवते. वीस वर्षं झाली. कॉलेजची पन्नास-साठ पोरं जेवून जातात. एकाही पोराचं पोट बिघडलं नाही, विचारा कोणालेही."

विभावरीनं सगळं सांगितलं, पोटासकट. सांगतानाच तिला जाणवलं की हे उत्तर बेबीताईंच्या उपयोगाचं नाही. पण ते जाणवणं तिच्या कामात बसत नव्हतं.

हिनेनं मग सामानाची यादी वाचून दाखवली. बॅग आधीच तपासली गेली होती. बेबीताईंनी सगळ्या खाण्याच्या वस्तू विमानात मिळालेल्या कार्डावर नीट जाहीर केल्या होत्या, त्याबद्दल हिनेनं त्यांचे आभारही मानले. लोखंडी तवा, खलबत्ता, पुरणयंत्र, दोन मोठे झारे. डिंक, खारीक, गोडंबी, सुंठ. अळिवाची पिशवी काढून घेण्यात आली होती.

"बी आहे म्हणे, उगवेल," बेबीताई म्हणाल्या. "उगवेलच ना! बी आहे तर उगवणारच. मी कुठं नाही म्हणून राहिली?"

कपाटात स्टुलावर बसलेल्या विभावरीला ती यादी ओळखीची होती. तिची आई असाच डिंक, अशीच खारीक आणि असेच अळीव घेऊन सूतिकागृहाच्या पायऱ्या चढली होती. हे सामान फिरायला नेत नाहीत, आणि हॉटेलातही नेत नाहीत. पण तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायची तिला मुभा नव्हती.

"तुम्ही जिथे राहणार तो पत्ता सँडरिंगहॅम रोडवरचा आहे," हिने म्हणाली. "खाली एक रेस्टॉरंट आहे, वर तुमच्या मुलाचा फ्लॅट. बरोबर?"

"हाव. बरोबर."

"तुमचा मुलगा धम्मपाल बाहेर थांबलाय. मी त्याच्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, तुम्ही सगळे गाडीनं साऊथ आयलंड फिरणार आहात. ख्राइस्टचर्च, मग डोंगर, मग तळी. त्यानं मला मुक्कामांची नावंसुद्धा सांगितली. पण त्यानं अजून रजा मागितलेली नाही, आणि कुठलंही बुकिंग नाही. तुम्हाला या सहलीबद्दल काय माहीत आहे?"

"साऊथ म्हणजे?" बेबीताईंनी विचारलं, आणि मग घाईनं म्हणाल्या, "हो हो, जाणार ना. जाणार असू."

हिनेचा आवाज बदलला नाही, पण गती कमी झाली.

"मला काय वाटतंय ते मी तुम्हाला स्पष्ट सांगते, कारण उत्तर द्यायची संधी तुम्हाला मिळायला हवी. तुम्ही स्वयंपाकाचा व्यवसाय करता. स्वयंपाकाची साधनं घेऊन आलात. रेस्टॉरंटच्या वर राहणार आहात. फिरायला आले म्हणता, पण कुठे ते सांगता येत नाही, आणि तुमचं आणि मुलाचं बोलणं जुळत नाही. मला वाटतंय की तुम्ही त्या रेस्टॉरंटमध्ये कामाला आलात. या व्हिसावर ते चालत नाही. मी चुकत असेन तर सांगा, ऐकून घेणं माझं काम आहे. पण माझी खात्री झाली नाही, तर आज दुपारच्या विमानानं मी तुम्हाला परत पाठवीन."

विभावरीनं प्रत्येक वाक्य मराठीत म्हटलं. शेवटचंही. मी तुम्हाला परत पाठवीन. दुभाषीचा 'मी' आपला नसतो हे तिला पाठ होतं. तरी ते शब्द कपाटात तिच्याच आवाजात उमटले, आणि पलीकडे एकसष्ट वर्षांच्या बाईनं ते तिच्याच आवाजात ऐकले.

पलीकडे बांगड्या वाजल्या. बेबीताई फोनच्या जवळ सरकल्या असाव्यात, कारण आवाज हळू झाला आणि जवळ आला.

"पोरी, ऐक. तू बाईमाणूस आहेस, आपल्या भाषेची आहेस. तुला म्हणून सांगते, त्या बाईले नको सांगू. माझी सून—"

"ताई, थांबा."

विभावरी इतक्या जोरात बोलली की पलीकडे खुर्ची करकरली.

"थांबा. पुढे बोलू नका. जे मला सांगाल ते मला त्यांना सांगावंच लागतं. सगळं. मला गुपित ठेवता येत नाही. त्यांना जे कळू द्यायचं नाही ते मलाही सांगू नका."

"तू आपली असून?"

"हो, ताई."

मग ती इंग्रजीत बोलली. प्रवासी मला खासगीत काही सांगू लागल्या होत्या. त्यांनी 'माझी सून' एवढे शब्द उच्चारले. मी त्यांना थांबवलं, आणि मला गुपित ठेवता येत नाही असं सांगितलं. त्यांनी विचारलं, तू आपली असून? मी हो म्हणाले. एवढंच झालं.

मग हिने कुणाशी तरी बोलताना ऐकू आली, खुर्ची सरकली, दार लागलं.

"इथे एक पुरुष सहकारी बसले होते," ती म्हणाली. "त्यांना मी बाहेर जायला सांगितलंय. आता इथे तुम्ही, मी आणि फोनवर दुभाषी. तुम्ही जे सांगाल ते फक्त या निर्णयासाठी वापरलं जाईल. रेस्टॉरंटला, शेजाऱ्यांना, मुलालासुद्धा मी ते सांगणार नाही. पण नोंद ठेवावी लागते. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही."

"म्हणजे लिहिणार?"

"हो."

"मग नाही." बेबीताईंनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "माझं असतं तर दवंडी पिटली असती. पण गोष्ट माझी नाही ना. सुनेची आहे. तिला शब्द दिला. नागपुरातही साऱ्या गल्लीले फिरायला चालली म्हणून सांगून आली मी."

"सुनेनं परवानगी दिली तर सांगाल?"

"तिनं दिली तर सांगीन. पण तिला विचारणार कोण?"

"तुम्ही. फोन करा," हिने म्हणाली. "इथूनच करता येईल. दुभाषी लाइनवर राहील, म्हणजे मलाही कळेल."

घंटी गेली. गौतमीनं, म्हणजे सुनेनं, पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"आई? कुठे आहात? धम्मपाल तिथे उभा आहे कधीचा, मला सारखे मेसेज करतोय."

"अगं, विमानतळावर अडवून ठेवलं मला. इथे एक मॅडम आहे, बरी आहे, चहा दिला. विचारून राहिली, काऊन आली म्हणून. सांगू का? तू नाही म्हणशील तर नाही सांगत. परत पाठवली तर जाईन मी. विमानात जेवण बरं असते."

विभावरीनं ते इंग्रजीत सांगितलं, विमानातल्या जेवणासकट. मग गौतमी मराठीत नाही, सरळ इंग्रजीत बोलली, हिनेशी.

"मी दहा आठवड्यांची गरोदर आहे. याआधी दोनदा गर्भ टिकला नाही. दोन्ही वेळा आम्ही आनंदानं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मग एकेकाला फोन करून परत सांगावं लागलं. ते मला जास्त जड गेलं. म्हणून या वेळी बारा आठवड्यांचं स्कॅन होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही असं मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. माझ्या ऑफिसलाही माहीत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. आई त्यासाठी आल्यात."

आता काम उलट्या दिशेचं होतं. बेबीताईंना हे मराठीत कळायला हवं होतं. विभावरीनं नेहमीच्या शिस्तीत सुरुवात केली. "मी दहा आठवड्यांची गरोदर आहे—"

"तू पण?" बेबीताई ओरडल्या. "अगं मग उभी का आहेस? बस, बस!"

विभावरीनं ओठ आवळून तेही इंग्रजीत सांगितलं; दुभाषीला म्हटलंय, हेही सांगितलं. हिने हसली. तिकडे फोनवर गौतमी हसू लागली आणि तिचं हसणं थांबेना. थोडा वेळ त्या लाइनवर तीन बायका हसत होत्या आणि चौथी विचारत होती, काय झालं, मला सांगा ना कोणी.

"एक सांगा," हसू आवरल्यावर हिने गौतमीला म्हणाली. "तुमच्या नवऱ्यानं मला तळ्यांची नावं, रस्ते, कुठे मासे चांगले मिळतात, सगळं सांगितलं. ती सहल?"

"त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणून तो जास्त बोलतो."

तरी हिनेनं काम अर्धवट सोडलं नाही. स्कॅनच्या अपॉइंटमेंटचा मेसेज गौतमीकडून मागवला, पाहिला. मग बेबीताईंना शेवटचं विचारलं, खालच्या रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाक करणार का, पैसे घेऊन किंवा न घेता.

"तिथं? त्यांच्या फोडणीचा वास जिन्यातून वर येते म्हणून सुनेले मळमळते म्हणे. त्यांना मी दोन गोष्टी शिकवू शकते. कामाले नाही जाणार."

"शिकवायलाही नको," हिने म्हणाली.

"बरं, नाही शिकवत. नुकसान त्यांचं."

हिनेनं नोंद काय लिहिली ते वाचून दाखवलं: कुटुंबातल्या व्यक्तीच्या आरोग्याचं कारण, खात्री केली. "एवढं खरं आहे, आणि एवढं पुरेसं आहे," ती म्हणाली. "चालेल?"

गौतमी म्हणाली, चालेल. बेबीताईंनी ते वाक्य विभावरीकडून पुन्हा एकदा ऐकलं आणि त्याही चालेल म्हणाल्या. शिक्का बसल्याचा आवाज कपाटापर्यंत आला.

"पोरी, तुझं नाव तरी सांग."

"नाव सांगता येत नाही, ताई. नंबर असतो."

"कैद्यासारखा?"

विभावरीनं हेही इंग्रजीत सांगितलं. हिने म्हणाली, दुभाषीचे आभार, आणि लाइन बंद झाली.

कपाटातून बाहेर आल्यावर विभावरी जरा वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिली. शेजारी यंत्रानं खिळे ठोकणं चालूच होतं. आपण 'थांबा' म्हटलं ते पदरचं घातलेल्या शब्दांत मोडतं का, याचा तिनं विचार केला आणि आपण बरोबर केलं असं ठरवलं. मग विसरायच्या गोष्टीचा विचार करणं चुकीचं म्हणून उठून भात लावला.

"आज कोण?" रमणनं संध्याकाळी विचारलं.

"सांगता येत नाही."

"तू हसतेयस."

"तेही सांगता येत नाही."

जुलैत थंडी पडली. एका शनिवारी ती दोघं सँडरिंगहॅमला किराणा आणि मिठाई आणायला गेली. गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून रमण तिला दुकानापाशी उतरवून चकरा मारत राहिला. विभावरी आत शिरली तर मागच्या रांगेतून आवाज आला.

"आणि हे काय मग? हेच अळीव माझे काढून घेतले! बी आहे म्हणे, उगवेल!"

"हे तपासून आलेले आहेत, मावशी," दुकानदार म्हणाला.

"माझेही तपासूनच आणले होते. एकेक दाणा निवडून."

ठेंगणी बाई होती. साडीवर जाड स्वेटर, पायांत मोजे आणि मोज्यांवर रबरी चपला. शेजारी एक तरुण मुलगी ट्रॉलीला रेलून उभी होती, आणि तिचं पोट कुणापासूनही लपण्यासारखं राहिलेलं नव्हतं. मुलगी दुकानातल्या दुसऱ्या एका बाईला सांगत होती, सप्टेंबर, हो, पहिलंच. आईंचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंत वाढवून मिळालाय. ती हे ज्या तऱ्हेनं सांगत होती त्यावरून आज तिनं ते बऱ्याच जणांना सांगितलं असावं.

विभावरीनं तोंड फिरवलं. फोन ठेवला की विसरायचं. पण सुंठ कुठे ठेवली आहे हे तिला दिसेना, आणि दुकानदारानं समोर येऊन विचारलं, "काय हवंय?"

"सुंठ कुठे आहे?"

मागे पिशव्यांची सळसळ थांबली. बेबीताई ट्रॉली सोडून तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता, डोकं जरा वाकडं करून, कान देऊन म्हणाल्या, "पुन्हा बोल."

"सुंठ हवी होती."

"तू फोनवर बोलते का गं?"

"फोनवर सगळेच बोलतात, ताई."

बेबीताईंनी आता तिच्याकडे नीट पाहिलं. नजर एकदा तिच्या पोटाशी गेली, तिथे काही नाही याची खात्री करून परत वर आली.

"सांगता येत नाही ना तुला?"

विभावरी फळीवरची पाकिटं बघू लागली.

"आई, कोण आहेत?" गौतमीनं ट्रॉलीजवळून विचारलं.

बेबीताईंनी वळूनही पाहिलं नाही. "कोणी नाही. या बाई मला सुंठ कोणती चांगली ते विचारून राहिल्या." आणि फळीवरून एक पाकीट उचलून विभावरीच्या हातात ठेवलं. "ही घे. ती दुसरी नको, जुनी आहे."

रमणची गाडी दुकानासमोर आली आणि त्यानं हॉर्न वाजवला. विभावरीनं काउंटरवर पैसे दिले. दारापाशी गेल्यावर ती वळली.

"जयभीम, ताई."

बेबीताई अळिवाचं पाकीट उजेडात धरून दाणे बघत होत्या. त्यांनी ते खाली घेतलं.

"किया ओरा, पोरी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दाणे बघू लागल्या.